सात दिवसांचा कॅम्प आणि चाळीस दिवसांची सुट्टी

वाचकांचं पत्र

ताई, नमस्कार. मी भुसावळला राहते. मिस्टर रेल्वेत लोको पायलट आहेत, मी एका पतसंस्थेत दहा ते सहा नोकरी करते. मुलगा अकरा वर्षांचा, यंदा सातवीत जाईल. मुलगी नऊ वर्षांची. मुलाच्या वर्गातल्या चार-पाच जणांनी पाचगणीकडच्या एका निवासी समर कॅम्पला नावं घातली आहेत. सात दिवस, फी २४,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय जाणं-येणं आणि बूट, सॅक वगैरे खरेदी. रॅपलिंग, तिरंदाजी, घोडेस्वारी, पब्लिक स्पीकिंग, 'लीडरशिप' असं सगळं आहे. पालकांच्या ग्रुपवर रोज तोच विषय. माझी भिशी याच महिन्यात निघते, त्यातून भरता येईल म्हणून २,००० रुपये टोकन देऊनही टाकलं. मिस्टर म्हणतात, "आम्ही कुठे गेलो होतो कॅम्पला? तरी नोकरीला लागलोच ना!" सासूबाई म्हणतात, "मामाच्या गावाले धाडून दे, एक रुपाया लागत नही." माझं माहेर रावेर तालुक्यात, भाऊ केळी करतो. पण मागच्या वर्षी तिथे दोघं दिवसभर कूलरसमोर मोबाइल घेऊन बसली होती. मुलीचं पुढे बघू, ती घरात रमते. मुलगा फार काही बोलत नाही. एकदाच विचारलं, "तिथं रात्री टॉर्च घेऊन जंगलात फिरवतात का गं?" एवढे पैसे घालावेत का? नाही पाठवलं तर तो मागे पडेल का?

— एक आई, भुसावळ

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगते, मग कारणं. या वर्षी या कॅम्पला पाठवू नका. मात्र मिस्टरांचं कारण मला पटलेलं नाही आणि सासूबाईंचं तर अजिबातच नाही, त्यामुळे त्या दोघांना हे उत्तर दाखवायचं असेल तर पूर्ण दाखवा.

हिशेब तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्ही पतसंस्थेत बसता. तरी कागदावर मांडू. २४,५०० वर १८ टक्के म्हणजे ४,४१०. झाले २८,९१०. प्रवास आणि खरेदी धरली की भिशी संपली. आणि हे कशासाठी? सात दिवसांसाठी. शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे सुट्टी चाळीस दिवसांची. त्यातल्या सात दिवसांची सोय झाली, तीही एकाच मुलाची. उरलेले तेहतीस दिवस तुम्ही पतसंस्थेत, मिस्टर लाइनवर आणि मुलं सासूबाईंच्या गळ्यात. तुमच्या पत्रात तुम्ही हे कुठेच लिहिलेलं नाही, पण 'दहा ते सहा नोकरी' हे शब्द वाचले तेव्हाच माझ्या लक्षात आलं की खरी अडचण तिथे आहे. सुट्टीत मुलांना कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही ती अडचण. या कॅम्पने ती सुटत नाही.

कॅम्प विकत घेताना आईबाप चारपैकी एक गोष्ट विकत घेत असतात. मुलं सांभाळायची सोय, एखादी अंगात मुरणारी कला, घरापासून दूर राहायचा सराव, किंवा ग्रुपवर मान. चौथीसाठी पैसे घालणारे थोडे नाहीत आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. लग्नात आपण आहेरावर काय कमी घालवतो? पण चौथीसाठी घालवून पहिल्या तिघींची अपेक्षा ठेवली की पस्तावा होतो.

सांभाळायची सोय झाली नाही, हे पाहिलं. कलेचं बघा. सात दिवसांत घोडेस्वारी येत नाही. घोड्यावर बसलेला फोटो येतो. तिरंदाजीचे चार बाण सोडायला मिळतात. रॅपलिंग एकदा, फार तर दोनदा, कारण दोर एक आणि पोरं चाळीस. मजा येते, नक्की येते, आणि मजेला किंमत असते. फक्त तिला 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणू नये. लीडरशिपचं तर सोडूनच द्या. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट कुणाची, आउट कोण, भांडण कसं मिटवायचं यात ज्याचं डोकं चालतं, त्याला ती येत असते. ज्याला येत नाही त्याला प्रमाणपत्र घेऊनही येत नाही.

तिसरी गोष्ट, घरापासून दूर राहायचा सराव. ही मात्र मोलाची आहे आणि इथे मी तुमच्या मिस्टरांशी भांडेन. 'आम्ही कुठे गेलो होतो' याला काही अर्थ नाही. त्यांच्या लहानपणी पोरं एकट्याने पॅसेंजरने आत्याकडे जायची, तापीवर पोहायची, उन्हाळाभर घरी कुणी विचारायचं नाही. ते त्यांना फुकट मिळालं. तुमच्या मुलाला शाळेची व्हॅन दारात घेते, दारात सोडते. त्याला ते मिळवून द्यायचं तर काहीतरी करावं लागेल, आणि चांगलं शिबिर हा त्याचा एक रस्ता आहे.

आपल्याकडे शिबिराची रीत जुनी आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून आपली मुलं ताटवाटी आणि सतरंजी घेऊन शिबिराला जातात. स्काउटच्या मुलांना तंबू काही नवा नाही. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं कामही बघत. त्या छात्रालयाबद्दल आजही लोक बोलतात ते गुरुजींमुळे. इमारत कशी होती, जेवायला काय होतं हे कुणी सांगत नाही. मुलांसोबत रात्री कोण राहतं, यावर निवासी शिबिराचं सगळं अवलंबून असतं. पोराला घरची आठवण येऊन रडू फुटतं ते दिवसा रॅपलिंग करताना नाही, रात्री दिवे मालवल्यावर फुटतं. तेव्हा जवळ कोण असतं? कॉलेजचा एक मुलगा, जो स्वतः दिवसभर दमलेला आहे आणि अजून ग्रुपवर फोटो टाकायचे राहिलेत म्हणून मोबाइलमध्ये आहे? की मुलांची सवय असलेला मोठा माणूस?

म्हणून पुढे कधी पाठवायची वेळ आली, तेरा-चौदाव्या वर्षी बहुधा येईलच, तर फोन करून 'रोज फोटो येतील ना' हे विचारू नका. सगळे तेच विचारतात, त्यामुळे ते फोटोच चांगले काढतात. विचारा की खोलीत रात्री कोण झोपतं, किती मुलांमागे एक मोठं माणूस आहे, त्यात बाई किती. मुलांच्या रोजच्या संपर्कात येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची असते, असं २०२० च्या पोक्सो (म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या) नियमांत आहे. त्याचा कागद दाखवा म्हणायला लाजायचं नाही. दोर, दरी, पाणी यांचे प्रकार असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे विचारा. जवळचं हॉस्पिटल किती लांब, गाडी चोवीस तास जागेवर असते का, मुलाला वाटलं तर घरी फोन लावू देतात का. शेवटच्या प्रश्नावर जो 'आमच्याकडे पहिले तीन दिवस फोन बंद असतो, नाहीतर मुलं रडतात' असं म्हणेल, त्याच्याकडे मी तरी मुलाला पाठवणार नाही. हे प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर पुढचं बोलायचं कारणच उरत नाही.

आता सासूबाई. "एक रुपाया लागत नही." मामाच्या गावाचा खर्च होत नाही असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, कारण तो खर्च मामीच्या अंगावर पडतो आणि त्याची पावती कुणी फाडत नाही. एप्रिल-मे म्हणजे तुमच्या वहिनीचा कामाचा उच्चांक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आमरस-पुरणपोळी, पाठोपाठ बिबड्या, पापड, शेवया, कुरडया, वर्षाचं तिखट-मसाला. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक बसू द्यायचा आणि पहाटे चारला उठून तो घाटायचा, कारण ऊन चढायच्या आत धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, कुरडया पडल्या पाहिजेत. त्यात नणंदेची दोन मुलं महिनाभर. तुम्ही लिहिलंय की ती तिथे दिवसभर मोबाइल घेऊन बसली. बसणारच! वहिनीने तो हातातून काढून घ्यायचा कुणाच्या अधिकाराने? तुमचं पोर रुसलं तर बोल तिलाच लागणार.

तरीही मी म्हणते, गावाला पाठवा. फक्त नीट पाठवा. आधी वहिनीला फोन करा, भावाला नाही. 'पोरांना पाठवते' असं न म्हणता 'दोन आठवडे जमेल का, कधी जमेल' असं विचारा आणि ती म्हणेल त्या तारखा धरा. मोबाइल भुसावळलाच राहू दे, तो नियम तुमचा, वहिनीवर त्याचं ओझं नको; रोज संध्याकाळी मामाच्या फोनवरून दहा मिनिटं बोलायचं. भिशीतले चार-पाच हजार त्या घरासाठी काढून ठेवा. रोख दिलेत तर ती घेणार नाही, उलट वाईट वाटून घेईल. किराणा भरा, गॅसची टाकी भरून द्या, जे त्या घरात खपेल ते. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला तिच्या मुलांसकट भुसावळला बोलवा आणि आठ दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवू देऊ नका. तेवढी रजा तुम्ही टाकू शकता, कॅम्पच्या आधी खरेदीसाठी टाकणारच होतात.

दुपारचं काय, हा प्रश्न राहतो. मेमध्ये रावेर-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, अकरा ते पाच मोठी माणसं बाहेर पडत नाहीत तिथे मुलं काय पडणार. म्हणून सॅकमध्ये कॅरमचा स्ट्रायकर, पत्त्यांचे दोन कॅट आणि लायब्ररीतली पाच-सहा पुस्तकं घाला. कंटाळा येईल. येऊ द्या. कंटाळून मुलं काय काय उद्योग काढतात ते तुम्हालाही माहीत आहे.

आता तुमच्या मुलाचा तो एक प्रश्न. मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. त्याने घोड्याचं विचारलं नाही, रॅपलिंगचं नाही. रात्री टॉर्च घेऊन जंगलात फिरवतात का, एवढंच. पोराला अंधार बघायचाय! त्यासाठी पाचगणीला कशाला जायला हवं? तुमच्या भावाच्या शेतात लाइट कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. रात्रीची असेल त्या आठवड्यात मामा रात्री मोटार चालू करायला, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला केळीत जातोच. त्याच्यासोबत जाऊ दे. पायात बूट हवेत, हातात काठी, टॉर्च जमिनीवर, आणि मामाचा हात सोडायचा नाही, कारण साप आहेत आणि यावल-रावेरकडे बिबट्याही फिरतो. मामा नको म्हणाला त्या रात्री नको. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, केळीच्या बागेत रात्री पानं वाऱ्यावर अशी फडफडतात की मागे कुणी चालतंय असं वाटतं. कुठल्याही कॅम्पवाल्याला पैसे घेऊन ते करून दाखवता येणार नाही. परत येऊन धाब्यावर झोपायचं. मेच्या रात्री सप्तर्षी उत्तरेला उंचावर छान दिसतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढत नेला की तांबूस-केशरी स्वाती लागते, आणखी पुढे गेलं की पांढरी चित्रा. आग्नेयेकडे उशिरा वृश्चिक वर येतो, आकडा दिसतो त्याचा. मामाला हे माहीत नसेल तर तुम्ही कागदावर काढून द्या.

आणि दोन दिवस मिस्टरांनी द्यायचे. हे त्यांना मी सांगितलंय म्हणून सांगा. ड्युटीचं गणित त्यांचं त्यांनी बसवावं. रावेर तालुक्यातच सातपुड्यात पाल आहे, शेजारी यावल अभयारण्य, सुकी नदीवरचं गारबर्डी धरण. वनविभागाकडे राहायची चौकशी आधी करायची, म्हणजे तिथे जाऊन हात हलवत परत यायला नको. तेही नाही जमलं तर एक दिवस पहाटे निघून अजिंठा. मुलगा आणि बाप दोघांनीच, किंवा दोन्ही मुलं आणि बाप. 'आम्ही कुठे गेलो होतो' म्हणणाऱ्या बापाने एकदा पोरांना घेऊन जायला हरकत नाही.

दोन्ही मुलं म्हटलं मी. तुम्ही म्हणालात, मुलीचं पुढे बघू, ती घरात रमते. ताई, हे वाक्य मी तीनदा वाचलं. बाहेर नेलंच नाही तर नऊ वर्षांची कुठलीही मुलगी घरात रमते. मुलासाठी पस्तीस हजारांपर्यंत जायची तयारी आणि मुलीसाठी 'पुढे बघू'. तुमच्या मनात भेद नसेल, आहे असं मी म्हणत नाही, पण हिशेबाच्या कागदावर तो आहे आणि ती तो वाचायला लागलीय. नऊ म्हणजे काही लहान नाही. गावाला गेल्यावर तिला पापड लाटायला बसवतील आणि त्याला शेतात नेतील, हेही होईल. ते होऊ देऊ नका. पहाटे चीक घाटताना तोही उठेल, सोऱ्या तोही दाबेल (जोर लागतो त्याला, मजा येते), वाटीतला गरम चीक दोघं खातील, आणि रात्री टॉर्च तिच्याही हातात असेल.

भिशीतून या उन्हाळ्यात एकच मोठी गोष्ट करायची तर दोघांना पोहायला शिकवा. नदी, विहीर, शेततळं, कालवा यांच्या काठावर आपण राहतो आणि आपल्या मुलांना पोहता येत नाही, ही मला खरोखर भीतीची गोष्ट वाटते. आपल्या वडिलांना पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलायचे. तसं आता कुणी करू नये, पण शिकवणं टाळायलाही नको. शहरात जो तरणतलाव चालू असेल तिथे सकाळची बॅच, तीन आठवडे, रोज. जाऊन बघा की काठावर जीवरक्षक नुसता नावाला आहे की खरंच पाण्याकडे बघतोय, नवशिक्यांचा उथळ भाग वेगळा आहे का, मुलींच्या वेळेला बाई असते का. तीन आठवड्यांत बहुतेक मुलं तरंगायला आणि हातपाय मारायला शिकतात. ही कला पुन्हा विसरायची सोय नाही. कुठलंही सात दिवसांचं पॅकेज याच्यापुढे मला उभं करून दाखवा.

जोडीला एखाद्या क्रीडाशिक्षकाने चालवलेलं सकाळचं मैदानी शिबिर मिळालं तर उत्तम. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, काहीही. रेल्वेवाल्यांच्या मुलांसाठी तुमच्याकडे मैदानं आहेत, मिस्टरांना चौकशी करायला लावा. वेळ मात्र सात ते साडेनऊ, त्यापुढे नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारापर्यंत 'ॲक्टिव्हिटी' चालवणारे असतात. स्वस्त असलं तरी तिथे घालू नका, मुलं आजारी पडतात.

म्हणजे तीन आठवडे पोहणं, दोन आठवडे गाव, मग आठ दिवस वहिनी आणि तिची मुलं तुमच्याकडे. दिवस बऱ्यापैकी भरले. पोहण्याच्या तीन आठवड्यांत दुपारी मुलं सासूबाईंजवळच असतील, ते काही टळत नाही. पण सकाळी पाण्यात दमून आलेली मुलं दुपारी झोपतात, हा त्यातल्या त्यात फायदा.

मुलगा मागे पडेल का, असं विचारलंत. कशात? सात दिवसांनी ती चार मुलं परत येतील, आठवडाभर कॅम्पच्या गोष्टी सांगतील आणि त्याला वाईट वाटेल. तेवढं होईल, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याला खोटं कारण देऊ नका. 'जागा संपल्या' म्हणाल तर मित्राकडून त्याला खरं कळेलच. बसवून सांगा की एवढे पैसे लागतात, एवढे आपल्याकडे आहेत आणि त्यातून आपण हे हे करतोय. अकरा वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते. दोन वर्षांनी पाठवू असं खरंच मनात असेल तरच म्हणा.

एका बाबतीत माझं मत वेगळं झालं असतं. त्याला एखाद्या गोष्टीचं वेड असतं, म्हणजे बुद्धिबळाचं म्हणा, आकाश बघण्याचं म्हणा, आणि ते शिकवणारं माणूस इथे मिळत नसतं, तर मी म्हटलं असतं की भिशी काय, वेळ पडली तर थोडं उसनं घ्या आणि पाठवा. किंवा तुम्ही एकट्या असता, गावाकडे कुणी नसतं आणि मुलं कुणाकडे ठेवायची ही रोजची चिंता असती, तर शहरातलं महिनाभराचं महाग डे-कॅम्पही मी योग्यच म्हटलं असतं. तुमचं तसं नाही.

राहिलं टोकन. ते परत मागा, आणि फोनवर नाही, मेसेज करून, म्हणजे लेखी राहतं. पावतीवर किंवा फॉर्मवर रद्द करण्याच्या अटी काय छापल्यात ते आधी बघा. अटीत बसत असूनही देत नसतील तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. अटीतच 'परत मिळणार नाही' असेल तर दोन हजार गेले समजा. ते वाया जाऊ नयेत म्हणून उरलेले सत्तावीस हजार भरायचे, हे पतसंस्थेतल्या बाईने करू नये. तुमच्या काउंटरला कुणी अशा हिशेबाने कर्ज मागायला आलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?